शालूच्या तंगाची भोकं

आमच्याकडे येणारं जनावर कधी खोटं बोलत नाही. त्याला घेऊन येणारा माणूस मात्र दारातून आत पाऊल टाकताच सुरुवात करतो. "कुत्रा जिन्यावरून पडला हो," म्हणतो, आणि कुत्र्याच्या बरगडीवर बुटाची टाच उमटलेली असते. "पोपट आपणहून खिडकीत आला," म्हणतो, आणि पोपटाचे पंख कात्रीने सारखे कापलेले असतात. ठाकूरद्वारचे एक निवृत्त गृहस्थ आपली मांजर घेऊन आले होते. तिला जलोदर झालाय, हे निदान त्यांनी घरीच केलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पिल्लं आहेत. गृहस्थ खवळले.

"आमच्या मनीने आजवर उंबरठा ओलांडलेला नाही. आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तिथे बोका येईलच कसा?"

"जिन्याने," मी म्हटलं.

लालबाग आणि परळ यांच्या मधल्या एका गल्लीत आमचं हे जनावरांचं इस्पितळ आहे. लहानसं, धर्मादाय, पत्र्याच्या छपराचं. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. मोठ्या जनावरांचा विभाग सांभाळते. चारा, औषधं, कामाच्या पाळ्या, सफाई, यांच्या याद्या करायच्या आणि यादीतलं काम झालं की नाही ते डोळ्यांनी बघायचं, हे माझं काम. याद्या मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर करते. आणखी एक काम आहे, ते कुठल्याही यादीत नाही. बरं झालेलं जनावर परत त्याच माणसाच्या हाती द्यायचं की शहराबाहेरच्या आश्रमात कायमचं पाठवायचं, याचा निर्णय विश्वस्त घेतात, पण निर्णय घेण्याआधी ते विचारतात, "परबबाई काय म्हणतात?" त्यामुळे इतक्या वर्षांत माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हाताकडे, चपलांकडे, जनावराच्या गळ्यातल्या दोरीकडे बघायची सवय लागली. नवरा म्हणतो, तू घरी भाजीवाल्याकडेही तशीच बघतेस. बघते.

शालूची गोष्ट याच सवयीची आहे.

लग्नाचे मुहूर्त संपत आले होते, तेव्हा दिनू शेलार तिला चालवत घेऊन आला. लालबागचाच माणूस, पन्नाशीचा, आवाज बसलेला. त्याचे वडील व्हिक्टोरिया घोडागाडी चालवायचे. त्या बंद झाल्यावर घरात उरली ती वरातीची घोडी. एकच. पांढरी, अंगाने भरलेली, पापण्यासुद्धा पांढऱ्या. नवरदेवाला पाठीवर घेऊन बँडच्या मागे चालायचं आणि मांडवाच्या दारात उभं राहायचं, हा तिचा धंदा. घरात आली त्या दिवशी शेलारची बायको हिंदमाताहून भाचीच्या लग्नाचा शालू घेऊन आली होती, म्हणून नाव शालू.

"दोन दिवस नीट खात नाहीय, बाई. पोट फुगलंय. गॅस धरलाय."

आमचे गोविंदमामा, मोठ्या जनावरांचे जुने सेवक, तिच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, "वारो भरलो हा. दुसरा काय नाय. ओव्याचा पाणी देवया." गोविंदमामांचं निदान कधी बरोबर आल्याचं मला आठवत नाही, पण ते इतक्या प्रेमाने चुकतात की कोणी काही बोलत नाही.

आमच्या केतकी डॉक्टर तिशीतल्या आहेत, हसऱ्या, आणि काम करताना एकदम गप्प होणाऱ्या. त्यांनी लांब हातमोजा चढवला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. मग हात काढून म्हणाल्या, "शेलार, तुमच्या गॅसला पाय आहेत."

शेलार आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही कोणी हसत नाही.

"शक्यच नाही, डॉक्टर. आमची घोडी तशी नाहीय."

"तशी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे... लालबागमध्ये घोडा आहे कुठे?"

हा ठाकूरद्वारच्या चौथ्या मजल्याचाच प्रश्न. मी विचारलं, मागच्या चातुर्मासात घोडी कुठे होती? पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा हे लोक घोड्या चरायला बाहेर पाठवतात, हे मला माहीत होतं. मेव्हण्याकडे होती, मुरबाडच्या बाजूला. तिथे घोडा होता? एकच होता, पण तो खच्ची केलेला. कधी केला? तेव्हाच की, गणपतीच्या जरा आधी. आणि शालू तिथे कधी गेली? त्याच आठवड्यात.

केतकी डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. घोडा खच्ची केला तरी पुढचे काही आठवडे त्याच्यात बीज शिल्लक राहू शकतं, त्याला घोडीपासून लांब ठेवावं लागतं, हे त्यांनी शेलारला समजावलं. गोविंदमामा म्हणाले, "म्हणजे जाता जाता काम करून गेलो तो!" सगळे हसले. शेलारही.

मी हसले नाही. मी खोगिराकडे बघत होते.

खोगीर त्याने खांबावर टाकलं होतं. घोडीच्या पोटाखालून खोगीर आवळायचा जो चामड्याचा पट्टा असतो, त्याला तंग म्हणतात. आपल्या कमरेच्या पट्ट्यासारखीच त्याला ओळीने भोकं असतात. शालूच्या तंगाची आतली भोकं जुनी होती, काठ गुळगुळीत झालेले. आणि टोकाच्या बाजूला, कारखान्यात पाडलेली भोकं जिथे संपत होती त्याच्याही पुढे, घरी पाडलेली नवी भोकं होती. एक नाही, एकापुढे एक. काठ अजून खरबरीत. सगळ्यात शेवटचं तर इतकं ताजं की चामड्याचा आतला पिवळा रंग दिसत होता.

म्हणजे पोट वाढत होतं, आणि कोणीतरी दर वेळी तंग सैल करून तिच्यावर नवरदेव बसवत होतं. ज्याला काहीच माहीत नसतं, त्याला भोकं पाडायची वेळ का यावी?

मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं: शालू, गाभण, दिवस भरत आलेले. मालक: खोटं बोलतोय. खाली रेघ ओढली. घोडी या माणसाच्या हाती परत जाणार नाही, हे त्याच क्षणी मी ठरवलं होतं. फक्त विश्वस्तांपुढे ठेवायला पुरावा पक्का हवा होता, आणि त्याआधी शिंगरू सुखरूप यायला हवं होतं.

वाचकांपैकी बहुतेकांनी गाय व्यायलेली पाहिली नसेल, घोडी तर नाहीच. गाय सावकाश काम करते. घोडीचं सगळं झपाट्यात असतं. एकदा सुरू झालं की अर्ध्या तासाच्या आत शिंगरू बाहेर यायलाच हवं, नाहीतर दोघांच्या जिवावर बेततं. त्यामुळे तयारी आधीच पूर्ण लागते. आणि इथे फळण्याची, म्हणजे गाभण राहिल्याची, नेमकी तारीखच कोणाला माहीत नव्हती.

मागच्या बाजूची शेड रिकामी केली. तिथे मोडकी स्ट्रेचर, गंजलेले पिंजरे आणि गोविंदमामांची छत्र्यांची इस्टेट होती. भिंतीतले खिळे उपटले, चुना मारला, फरशी घासून सुकवली. जुन्या सुती साड्या शेजारच्या चाळीतून मागवल्या, धुऊन उन्हात... ऊन कुठलं, पंख्याखाली वाळवल्या. नाळेला लावायचं आयोडीन, शेपटीला गुंडाळायची पट्टी, हातमोजे, बादल्या. जार, म्हणजे शिंगराच्या मागून पडतं ते, पडल्यावर पसरून बघायचं, कारण त्याचा तुकडा आत राहिला तर घोडी तापाने जाते. त्यासाठी स्वच्छ प्लास्टिक.

राहिला पेंढा. मुंबईच्या पावसाळ्यात कोरडा पेंढा मिळणं म्हणजे काय, ते ज्याला शोधावा लागतो त्यालाच कळतं. ओल्या पेंढ्यात बुरशी धरते, तिने घोडीच्या छातीत त्रास होतो आणि नवजात शिंगराच्या तर फारच. आमच्या नेहमीच्या माणसाने पाठवलेला मी नाक लावून परत पाठवला. दुसऱ्याचाही पाठवला. तिसरा म्हणाला, "बाई, तुम्ही पेंढा घेताय की अत्तर?"

शेलार रोज यायचा. कधी कोंडा आणायचा, कधी गूळ. त्याची पिशवी मी दारातच उघडून बघायची. तो उघडून धरायचा. मग त्याचे उद्योग माझ्या नजरेत येऊ लागले. एकदा तो मागच्या फाटकापाशी वॉचमनशी कुजबुजताना दिसला. मला पाहिल्यावर दोघंही आभाळाकडे बघू लागले. दुसऱ्या दिवशी तो शेडची लांबीरुंदी पावलांनी मोजत होता. मी विचारलं तर म्हणाला, "सहज." पन्नाशीचा माणूस सहज शेड मोजत नाही. मी वॉचमनला सांगितलं, माझ्या परवानगीशिवाय मागच्या फाटकातून काहीही बाहेर गेलं नाही पाहिजे. तो म्हणाला, "आणि आत आलं तर?"

हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

एका सकाळी कामावर आले तर मागच्या फाटकात टेम्पो उभा. मागचं फळकुट खाली केलेलं, शेलार वर चढलेला. मी छत्री न उघडताच धावले.

"शेलार! खाली उतरा!"

तो उतरला. त्याच्या केसांत, मिश्यांत काड्या होत्या. टेम्पोत पेंढा होता. सोनेरी, कुरकुरीत, कोरडा ठणठणीत.

"कुठला हा?"

"कारखान्यातला. गणपतीच्या."

आमच्या भागात मोठमोठ्या मूर्तींचे कारखाने असतात, ताडपत्रीने चहूबाजूंनी बंद केलेले. मूर्तीच्या पोटात भरायला आणि बांधायला त्यांना पेंढा लागतो, आणि तो त्यांना कोरडाच ठेवावा लागतो. संपूर्ण मुंबईत त्या दिवसांत कोरडा पेंढा असेल तर तिथेच. हे मला, जन्म इथे गेलेल्या बाईला, सुचलं नव्हतं. शेड मोजली ती किती लागेल ते बघायला. वॉचमनशी कुजबूज ती फाटक उघडायला.

"मला का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही हो म्हणाला असता, बाई?"

"नाही."

"म्हणून."

तरी मी तो पेंढा तसाच पसरू दिला नाही. आम्ही तिघांनी बसून मूठ मूठ करून निवडला. खिळे निघाले, तारेचे तुकडे निघाले, आणि प्लास्टरचं एक इवलंसं बोट निघालं, नखासकट. शेलारने ते कपाळाला लावलं. "बघा," मी खिळे त्याच्यापुढे धरले, "हे शिंगराच्या पोटात गेले असते." तो मान खाली घालून म्हणाला, "बरं झालं तुम्ही संशयी आहात." ही स्तुती होती की टोमणा, मी अजून ठरवलेलं नाही. पेंढ्याचा उपकार मी मान्य केला. तंगाची भोकं विसरले नाही. चांगली माणसंही जनावराला राबवतात. तीच जास्त राबवतात.

शालूची कास भरली. मग एका सकाळी सडांवर मेणासारखे थेंब दिसले. ही खूण पटली की घोडी एकदोन दिवसांत व्यायची. मी पाळ्या लावल्या. शेडच्या दाराशी दोन खुर्च्या, चोवीस तास दोन माणसं, एक तरी डोळा घोडीवर. बाहेर सांगितलं, घोडीवर लक्ष ठेवायला. आतून माझं अर्धं लक्ष शेलारवर होतं. शिंगरू जन्मलं की कोणीतरी दोघांना हलवेल, ही शंका माझ्या डोक्यातून जात नव्हती.

शिवाय पलीकडच्या पुलाखाली ढोलताशा पथकाचा सराव चालायचा. मी जाऊन पोरांना समजावलं.

"ताई, डिलिव्हरी म्हणताय, मग प्रश्नच नाही," त्यांचा म्होरक्या म्हणाला, "आम्ही मैदानात जातो." त्यानंतर रस्त्यात भेटेल तो पोरगा विचारायचा, "ताई, काय झालं? मुलगा की मुलगी?"

काहीच झालं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. शालू आमच्याकडे पाठ करून, भिंतीला तोंड लावून उभी राहायची. खुर्ची करकरली की तिचा एक कान मागे वळायचा. चौथ्या दिवशी तिच्या सडांतून दूध गळू लागलं. केतकी डॉक्टर गंभीर झाल्या.

"बाई, हा चीक आहे. शिंगराला पहिल्या काही तासांत हाच मिळाला पाहिजे, त्याची सगळी ताकद यात असते. असा गळून गेला तर तिच्याकडे उरणार काय?"

"मग ती वीत का नाहीय?"

"घोडी थांबवून धरू शकते. कोणी टपून बसलंय असं वाटलं की नाही वीत. रानातली सवय आहे. वाघ बघत असताना कोण बाळंत होईल?"

"म्हणजे आम्ही वाघ?"

"खुर्च्या उठवा."

"आणि शेलारने हलवली तर?"

"अहो बाई, हे पोट घेऊन लालबागमध्ये कुठे लपवणार आहे तो तिला?"

मी खुर्च्या उठवल्या नाहीत. थोड्या मागे सरकवल्या.

आणि रविवार उजाडला. दुपारी आमच्याच रस्त्यावरून एका मोठ्या मंडळाच्या गणपतीचं आगमन होतं. आगमन म्हणजे कारखान्यातून मंडपापर्यंतची मिरवणूक. मूर्ती गल्लीच्या तोंडाशी आली, पथकाने पहिला ठोका टाकला, आणि आमचं इस्पितळ रिकामं झालं. पाळीवरचे दोघं, सफाईवाले, एक्सरेवाले, प्लास्टरमध्ये पाय असलेल्या कुत्र्याला काखेत घेऊन त्याची मालकीण, सगळे पुढच्या फाटकाशी. पाळीवरच्या दोघांपैकी एक होते गोविंदमामा. "दोनच मिनटां हा, बाई! बाप्पा काय परत परत येता?"

त्यांना हाताला धरून परत आणायला मी फाटकाशी गेले. खोटं कशाला लिहू, मीही वर बघितलं. मूर्ती पुलाला घासेल इतकी उंच होती, चेहरा कापडाने झाकलेला, आणि सगळी गल्ली ताशाने थरथरत होती. मी हात जोडले आणि सवयीने गर्दीवरून नजर फिरवली. आमचे सगळे दिसले. शेलार दिसला नाही.

लालबागचा माणूस, दारातून गणपती जातोय आणि तो बघायला नाही?

मी मागे धावले. मागचं फाटक सताड उघडं. वॉचमन अर्थातच बाप्पापाशी. माझ्या मनात एकच वाक्य होतं: नेली.

नेली नव्हती. शालू शेडमध्ये मध्यभागी उभी होती, चारही पाय घट्ट रोवून, मान ताठ, कान पुढे, अगदी मांडवाच्या दारात उभी राहते तशी. अंगातून घाम निथळत होता. आणि मागून शिंगराचे दोन खूर बाहेर आलेले, पांढऱ्या पडद्यात गुंडाळलेले.

शेलार तिच्या मानेला धरून उभा होता. पुढून रस्ता बंद म्हणून तो मागच्या फाटकाने आला होता. त्याचा चेहरा तिच्यापेक्षा पांढरा.

"बाई, ती बसत नाहीय. मी आलो तेव्हा बसली होती. ताशा वाजला की उठते. परत बसते, परत ताशा, परत उठते."

मला एकदम सगळं समजलं. बँड वाजला की उभं राहायचं, हलायचं नाही, पाठीवर माणूस आहे, हे त्या घोडीच्या अंगात भिनलेलं. आमची पाठ वळल्याबरोबर तिने बिचारीने संधी साधली होती, आणि बाहेर नेमका तिचा बँड वाजत होता.

मी केतकी डॉक्टरांना फोन लावला. त्या अँटॉप हिलहून निघाल्या होत्या, वाटेत अडकलेल्या. "बाई, खूर दिसतायत? तळवे खाली? नाक दिसतंय? मग सगळं सरळ आहे. ती फक्त आडवी व्हायला हवी. ओढाताण करू नका. मी गाडी सोडून चालत येते."

आडवी कशी करायची? बाहेर ताशा थांबायचं नाव घेत नव्हता, मूर्ती पुलाखाली अडली होती. शेलार रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, घोडीच्या मानेत तोंड खुपसून. "सोडव गं, शालू. बस गं."

"शेलार," मी ओरडले, "वरात संपली हे तिला कसं कळतं?"

"काय?"

"मांडवाशी पोचल्यावर! तुम्ही काय करता?"

त्याने डोळे पुसले, तिच्या डोक्यावर नसलेला तुरा काढल्यासारखा हात फिरवला, खाली वाकून तिच्या पोटाशी नसलेला तंग सोडल्यासारखं केलं आणि बसक्या आवाजात तिच्या कानाशी म्हणाला, "झालं गं. उतरले नवरदेव. उतरले."

शालूने एवढा मोठा सुस्कारा सोडला. ताठ मान खाली आली. गुडघे वाकले, आणि ताशा दणदणत असताना ती पेंढ्यावर आडवी झाली.

पुढचं फार झटपट झालं. दोन कळांत खांदे, एका कळेत बाकी सगळं. मी शिंगराच्या नाकावरचा पडदा फाडला, साडीने नाकपुड्या पुसल्या. हलेना. मी चोळत राहिले, चोळत राहिले, आणि मनातल्या मनात त्या पुलाखाली अडलेल्या बाप्पाला एवढं सुनावलं की लिहिण्यासारखं नाही. मग ते शिंकलं. ओलं, काळपट, पायच पाय असलेलं, आणि मादी.

गोविंदमामा केसांत गुलाल घेऊन परतले. "काय झाला?" म्हणाले, आणि बघून दारातच बसले. मग केतकी डॉक्टर आल्या, चपला हातात. शिंगरू तासाभरात धडपडत उभं राहिलं. चीक उरला होता. कमी, पण उरला होता. डॉक्टरांनी जार पसरून बघितला, अख्खा होता. शिंगरू पाय फाकवून आमच्या प्रत्येकाकडे आळीपाळीने रोखून बघत होतं.

"ह्येचा नाव बाई ठेवा," गोविंदमामा म्हणाले. "बघा कशा संशयान बघता सगळ्यांकडे."

तेच नाव पडलं. विश्वस्तांपर्यंत गेलं.

गर्दी पांगल्यावर मी खोगिराचा तंग आणून शेलारच्या मांडीवर ठेवला. तो एकेका भोकावरून बोट फिरवत राहिला.

"हे पहिलं पाडलं तेव्हा वाटलं, जाडी झाली. गूळ जास्त होतोय. दुसरं पाडलं तेव्हा बायको म्हणाली, एकदा दाखवून या. मी म्हटलं, सीझन संपू दे. तिसऱ्याच्या वेळी..." त्याचं बोट शेवटच्या भोकावर आलं. "तिसऱ्याच्या वेळी मी विचारच केला नाही, बाई. विचार केला असता तर कळलं असतं. कळलं असतं तर थांबावं लागलं असतं. घोडी एकच आहे."

"म्हणजे खोटं बोललात."

"तुमच्याशी नाही. आधी स्वतःशी बोललो. मग तुमच्याशी तेच बोललो."

इतक्या वर्षांत मी ऐकलेली ही पहिलीच खरी जबानी. आणि तीच माझी पंचाईत. तो सरळ खोटारडा असता तर यादीवरची रेघ तशीच राहिली असती.

विश्वस्तांनी विचारलं, परबबाई काय म्हणतात? मी सांगितलं, या माणसाने गाभण घोडीवर नवरदेव बसवले, हे खरं आहे. आणि ताशा वाजत असताना ही घोडी जगात एकाच माणसाच्या शब्दावर आडवी झाली, हेही खरं आहे. आश्रमात तिला चारा मिळेल, तो माणूस मिळणार नाही. शिंगरू पिणं सोडेपर्यंत दोघींना आश्रमात ठेवा, शेलारला तिथे येऊ द्या. मग शालू त्याच्याकडे, बाई आश्रमातच. मायलेकींची ताटातूट माझ्या तोंडून झाली. तिथे दुसऱ्या घोड्या आहेत, जागा आहे, बाईच्या पाठीवर कधी कोणी बसणार नाही. सगळं बरोबर आहे. तरी आश्रमात गेले की मी आधी तिच्याकडे जाते, आणि ती मला बघून पाठ करते. आईसारखीच.

शालू आता पुन्हा वरातीला जाते. लग्नांच्या दिवसांत मी न कळवता शेलारच्या तबेल्यावर थडकते. दारात माझी चाहूल लागली की तो खुंटीवरचा तंग काढतो आणि माझ्यापुढे धरतो. नवीन पट्टा आहे, नवीन भोकं पाडायला जागाही आहे. मी चष्मा लावते आणि टोकापासून सुरुवात करून एकेका भोकाच्या काठावरून बोट फिरवते. शालू मान वळवून माझ्याकडे बघत असते.

"आहे का काही, बाई?" तो विचारतो.

"अजून तरी नाही," मी म्हणते, आणि मग त्याच्या हातचा चहा घेते.